कारण : तपासनीस

माणसाच्या इतिहासात देश जिंकणारे ढिगाने सापडतात. स्वतःला जिंकणारे मात्र दिवा घेऊन शोधावे लागतात. अशा दुर्मिळ, थोर, वंदनीय मंडळींत भोंगेकाकांचं नाव घ्यायला काहीच हरकत नव्हती. निदान अडतीस दिवस नव्हती. एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी ते नाव यादीतून गळलं आणि त्याच मिनिटाला तीनशे ऐंशी माणसं जिन्याने धडाधडा खाली उतरली.

वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ती छापील आहे. साधा माणूस सिगरेट सोडतो आणि पुन्हा ओढतो, तेव्हा ती गोष्ट त्याच्यात आणि एखाद्या भिंतीत राहते. भोंगेकाकांच्या नशिबात तेवढंही सुख नव्हतं. त्यांची नोकरीच अशी, की पापाची पावती यंत्रातून आपोआप बाहेर आली.

नऊ मजली कचेरी. तिच्या प्रत्येक खोलीच्या छताला बशीएवढं एक पांढरं यंत्र चिकटवलेलं. खोलीत धूर झाला की ते यंत्र तळमजल्यावरच्या मुख्य पेटीला चहाडी करतं, पेटी भोंगे वाजवते आणि माणसं आपापले जेवणाचे डबे उचलून पळतात. ही यंत्रं जिवंत आहेत की मेली, हे दर महिन्याला तपासायचं काम भोंगेकाकांचं. नाव त्यावरूनच पडलं. खरं नाव पगारपत्रकात आहे आणि तिथे ते सुखात आहे. सव्वीस वर्षं मान वर करून काम केल्यामुळे इमारतीतलं एकूण एक छत त्यांच्या ओळखीचं. छताखाली बसणाऱ्यांपैकी चारपाच जण.

कामाची पद्धत सोपी. एक लांब काठी, काठीच्या टोकाला वाटी, वाटीत नकली धुराचा डबा. वाटी यंत्राला टेकवायची, डबा दाबायचा, यंत्राचा लाल दिवा लागला की ते जिवंत. त्याआधी फक्त खाली जाऊन मुख्य पेटीवरचं त्या मजल्याचं बटण फिरवायचं. त्याचा अर्थ, 'या मजल्यावर मी आहे, उगाच बोंबलू नकोस.'

हा धूरशत्रू दिवसाला वीस सिगरेटी ओढत असे. यात कोणाला विसंगती वाटली तर भोंगेकाका म्हणायचे, "दाताच्या डॉक्टरने गोड खाऊ नये असं कुठे लिहिलंय?" दाताचा डॉक्टर रुग्णाच्या तोंडात पेढे ठेवून कीड तपासत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

सोडली ती स्वतःसाठी नव्हे. सासऱ्यांसाठी.

सासरे दस्त नोंदणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. छत्तीस वर्षं लोकांची खरेदीखतं, मृत्युपत्रं आणि वाटणीपत्रं वाचून त्यांचा माणसांवरचा विश्वास पार उडाला होता आणि तो सगळा स्वल्पविरामांवर जाऊन बसला होता. त्यांचा उजवा खुबा झिजून गेला होता. खुर्चीपासून खिडकीपर्यंत जायला चार पायांचा वॉकर आणि पंचवीस मिनिटं लागत. त्यातली पंधरा चालण्यात आणि दहा शिव्या देण्यात. दीड वर्ष त्यांची मोठी मुलगी, म्हणजे भोंगेकाकांची बायको, त्यांना उठवत, बसवत, न्हाणीघरात नेत, परत आणत होती. आता तिच्याच कमरेला पट्टा लागला होता.

हाडांच्या डॉक्टरीणबाई स्पष्टवक्त्या होत्या. "खुबा बदलू," त्या म्हणाल्या. "पण सहा आठवडे सिगरेट पूर्ण बंद. एक जरी ओढलीत तरी जखम भरायची खात्री मी देणार नाही, तारीख रद्द करीन. मग पुढची तारीख आठ महिन्यांनी."

सासऱ्यांनी घरी येऊन निकाल दिला. "मी एकटाच का? या घरात दुसरंही धुराडं आहे. जावईबापू सोडत असतील तर मीही सोडतो. ज्या दिवशी जावईबापू ओढतील, त्या दिवशी मीही मोकळा."

जावई कधीच सोडणार नाही, अशी त्यांना खात्री होती. त्या खात्रीवर त्यांनी उत्साहाच्या भरात स्वहस्ते दोन पानी करारनामा लिहिला. अकरा कलमं, 'पक्ष एक' जावई, 'पक्ष दोन' सासरे, साक्षीदार दोन्ही मुली. कलम सात महत्त्वाचं : पक्ष एक याने एक झुरका जरी घेतला, तरी सदर करार तत्क्षणी संपुष्टात येईल व पक्ष दोन बंधमुक्त होईल. भोंगेकाकांनी बायकोच्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि सही केली. सासऱ्यांचा चेहरा पडला तो अडतीस दिवस वर आला नाही.

हे अडतीस दिवस कसे गेले ते वर्णन करण्यात अर्थ नाही. दोघांनीही एकमेकांवर पाळत ठेवण्यात ते घालवले. एकमेकांच्या खोकल्याचीही नोंद होत होती.

एकोणचाळिसाव्या दिवशी धुराचा डबा संपला.

भोंगेकाका भांडारात गेले. भांडारपाल चष्म्यावरून बघत म्हणाला, "रिकामा जमा करा, भरलेला मिळेल."

"हा घ्या रिकामा."

"हा रिकामा असल्याचं कोणी प्रमाणित केलंय?"

"दाबून बघा ना."

"दाबायचा अधिकार मला नाही. तपासनिसाला आहे."

"अहो, तपासनीस मीच!"

"मग तर अजिबातच नाही. स्वतःच्या डब्याचं प्रमाणपत्र स्वतःच कसं देणार तुम्ही? मोठ्या साहेबांची सही आणा."

"साहेब आहेत कुठे?"

"सोमवारी येतात."

त्या दिवशी बुधवार होता आणि तिसऱ्या मजल्याची तपासणी त्याच दिवशी संपवायची होती. भोंगेकाका कामात चोख. तिथेच घात झाला. आळशी माणूस सोमवारपर्यंत निर्व्यसनी राहिला असता. त्यांना आपले जुने गुरू आठवले. त्या काळी डबे नव्हते. तपासनीस स्टुलावर चढत, सिगरेट पेटवत आणि यंत्राच्या तोंडावर धूर सोडत. ती सिगरेट व्यसनात मोडत नसे, अवजारांत मोडत असे.

त्यांनी खाली जाऊन पेटीवरचं तिसऱ्या मजल्याचं बटण रीतसर फिरवलं आणि लिफ्टवाल्याला गाठलं.

"एक दे रे."

"काका! तुम्ही सोडलीत ना?"

"ओढायला नकोय. कामाला हवीय."

"मलाही कामालाच लागते," लिफ्टवाला म्हणाला आणि पाकिटाबरोबर लायटरही पुढे केला.

सिगरेट नुसती पेटवून काठीच्या वाटीत ठेवली असती तरी भागलं असतं. पण ती पेटवायची तर एक झुरका ओढावा लागतो, हा निसर्गाचा नियम, आणि भोंगेकाका नियम मोडणाऱ्यांतले नव्हते. दुसरा झुरका यंत्राच्या तोंडावर सोडला. लाल दिवा लागला. यंत्र जिवंत. काम फत्ते.

हातात पाऊण सिगरेट उरली होती.

इथे इतिहासाने वळण घेतलं. विझवावी, तर चांगली वस्तू वाया जाणार. संपवावी, तर शेजारच्या टेबलावरच्या टंकलेखिकेने रुमाल नाकाला लावून त्यांच्याकडे असं पाहिलं होतं, की त्यांनी जणू तिच्या वहीतच राख झाडली. भोंगेकाका सभ्य गृहस्थ. लोकांना त्रास नको म्हणून ते एक मजला खाली उतरले, दुसऱ्या मजल्यावरच्या जुन्या फायलींच्या खोलीत शिरले, दार लोटलं, दोन कपाटांच्या मधल्या स्टुलावर बसले आणि डोळे मिटून तिसरा झुरका घेतला.

पेटीवर बटण फिरवलं होतं ते तिसऱ्या मजल्याचं. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. तेच तर फिरवून आले होते. पण अडतीस दिवसांनी सिगरेट ओठांत आली की माणूस मजले मोजत नाही. डोक्यावरचं यंत्र त्यांनी स्वतः गेल्याच आठवड्यात उघडून, ब्रशने झाडून, फुंकर मारून लखलखीत केलं होतं. इमारतीतलं सर्वांत तल्लख यंत्र ते. चौथ्या झुरक्याला त्याने आपल्या मालकाला ओळखलं.

नऊच्या नऊ मजल्यांवर भोंगे सुरू झाले. भोंगेकाकांच्या मनात पहिला विचार आला तो असा : 'वा! काय झटकन पकडलं!' दुसरा विचार छापण्याजोगा नाही.

इमारतीसमोरच्या पटांगणात तीनशे ऐंशी माणसं मजल्यांप्रमाणे रांगा लावून उभी राहिली. बंब आला, दोन जवान नळी घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले आणि चिमटीत एक थोटूक घेऊन परत आले. ते थोटूक त्यांनी जेवढ्या आदराने इमारतीच्या व्यवस्थापकांच्या हातात ठेवलं, तेवढ्या आदराने लोक पुरावेही हाताळत नाहीत.

पाचव्या मजल्याच्या रांगेतून एक बाई सरळ भोंगेकाकांपाशी आली. ती त्यांची मेहुणी. तक्रार विभागात कामाला. कराराची साक्षीदार क्रमांक दोन.

"भाऊजी," ती म्हणाली, "हा करा."

"काय?"

"तोंड उघडून हा करा. माझ्या तोंडावर."

भोंगेकाकांनी तोंड घट्ट मिटलं.

"कळलं," मेहुणी म्हणाली. "किती?"

"चार झुरके. त्यातले दोन सरकारी कामासाठी."

"आणि उरलेले दोन?"

"... खासगी."

"चार दिवसांवर ऑपरेशन आलंय बाबांचं. ताई रोज कॅलेंडरकडे बघून उठते. चार दिवस, भाऊजी! अडतीस काढलेत, चार निघाले नाहीत तुमच्याच्याने?"

"हळू बोल गं."

"हळू? भोंगा कोणी वाजवला, मी?" तिने घड्याळ पाहिलं. "सहा वाजता मी ताईकडे येतेय. बाबांना तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन, मला साक्षीदार केलंय. आणि मी तक्रार विभागात आहे, हे विसरू नका. मी मुद्देसूद सांगते."

मग पेटीजवळची नोंदवही. वेळ, मजला, खोली आणि शेवटचा रकाना 'कारण'. मुख्य पेटीतून फाटून आलेली पट्टी व्यवस्थापकांनी वहीवर चिकटवली : ११:४२, मजला दुसरा, अभिलेख कक्ष, धूर.

"झुरळ लिहा," व्यवस्थापक आवाज खाली आणत म्हणाले. "यंत्रात झुरळ शिरलं होतं. गेल्या वर्षी दोनदा शिरलं होतं ना?"

"तेव्हा खरंच शिरलं होतं साहेब."

"मग आताही शिरू द्या की! तुम्ही सुटता, मीही सुटतो. झुरळ काय जबाब द्यायला येणार आहे?"

भोंगेकाकांनी पेन हातात घेतलं. सव्वीस वर्षांत त्यांनी या रकान्यात धूळ, वाफ, कोळी, झुरळं, एकदा वाढदिवसाच्या मेणबत्त्या, सगळं खरं तेच लिहिलं होतं. आता ज्या झुरळाने काहीच केलं नाही, त्याच्यावर आळ घ्यायला त्यांचं मन होईना. त्यांनी लिहिलं : कारण, तपासनीस. खाली सही केली. व्यवस्थापकांनी ते वाचलं, कपाळाला हात लावला आणि खुलासा मागवणारं पत्र टाइप करायला सांगितलं.

दुपारी चार वाजता लिफ्टवाला त्यांच्याजवळ येऊन बसला. सहानुभूती त्याच्या डोळ्यांतून नुसती वाहत होती.

"काका, झालं ते झालं. घ्या." पाकीट पुढे.

"नको."

"आता कसलं नको? मोडलंच ना? एक झाली काय नि दहा झाल्या काय. आज ओढून घ्या मनसोक्त. पुढच्या एक तारखेपासून पुन्हा सोडा. मी दर एक तारखेला सोडतो."

या युक्तिवादाचं सौंदर्य असं, की तो जगातल्या प्रत्येक ओढणाऱ्याला पटतो. हातून एक कप फुटला म्हणून कोणी उरलेले पाच भिंतीवर फोडायला लागला, तर शेजारी डॉक्टरला बोलावतील. एक सिगरेट ओढली म्हणून उरलेलं पाकीट संपवणारा मात्र व्यवहारी ठरतो. भोंगेकाकांनाही ते पटलं. त्यांचा हात पाकिटापर्यंत गेला. एक सिगरेट अर्धी बाहेरही आली.

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. अकरा बेचाळीसला विझवली होती. म्हणजे सव्वाचार तास झाले होते. अडतीस दिवसांपूर्वी पहिले सव्वाचार तास काढताना त्यांनी बायकोशी दोन भांडणं केली होती, एक खुर्ची मोडली होती आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले होते. आज तेच सव्वाचार तास बंब, रांगा, मेहुणी आणि व्यवस्थापक यांच्या गडबडीत, कळलंही नाही इतक्या सहज निघून गेले होते. एवढा कठीण माल आयता पदरात पडलाय आणि तो टाकून पुन्हा पहिल्या मिनिटापासून सुरुवात करायची? संकल्प, निर्धार, आत्मबल असलं काही त्यांच्या मनात आलं नाही. जे आलं त्याला साध्या भाषेत चिकटपणा म्हणतात.

त्यांनी सिगरेट बोटाने परत आत ढकलली.

"ठेव. मी एक तारखेपर्यंत थांबत नाही. माझे सव्वाचार तास झालेत."

"काय करून?"

"सोडून."

लिफ्टवाल्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं बंबाचे जवान धूर नसलेल्या इमारतीकडे बघतात.

घरी पोचले तेव्हा मेहुणी येऊन बसली होती आणि चहा पीत होती. "मी काही बोललेली नाहीये," ती कप खाली न ठेवता म्हणाली. "पण फार वेळ गप्प बसवत नाही मला." बायको हॉस्पिटलला न्यायच्या पिशवीत टॉवेल भरत होती. सासरे खुर्चीत बसून कालचं वर्तमानपत्र वाचत होते. आजचं वाचून झालं होतं.

"बाबा," भोंगेकाका उभ्यानेच म्हणाले, "मी आज ओढली."

बायकोचा हात टॉवेलवर थांबला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. अडतीस दिवस पडलेला चेहरा हळूहळू, सुरकुती सुरकुतीने, वर यायला लागला.

"बसा जावईबापू," ते अतिशय प्रेमाने म्हणाले. "बसा. दमला असाल. पाणी द्या गं त्यांना. हं, आता सगळं नीट सांगा. कुठली होती?"

"लिफ्टवाल्याची."

"छाप विचारतोय मी."

भोंगेकाकांनी छाप सांगितला. सासऱ्यांनी डोळे मिटले.

"जरा कडकच ती. पहिला झुरका कसा लागला?"

"चक्कर आली."

"येणारच! रिकामी छाती ना. आणि दुसरा?"

"दुसरा यंत्रावर सोडला."

"अरेरे!" सासरे मनापासून कळवळले. "तिसरा?"

"बाबा!" मेहुणीने कप आपटला. "साक्ष घेताय की चव?"

"दोन्ही. दस्तात दोन्ही लागतं." सासऱ्यांनी उशीच्या अभ्र्यात हात घातला, कोपऱ्यापर्यंत नेला आणि एक किंचित वाकलेली सिगरेट बाहेर काढली.

"अभ्रा मी दर रविवारी बदलते," बायको पहिल्यांदा बोलली.

"मीही ती दर शनिवारी हलवतो," सासरे म्हणाले आणि सिगरेट ओठांत ठेवली. "कलम सात. पक्ष दोन बंधमुक्त. काडेपेटी आण."

"घरात काडेपेटी नाही."

"मग शेगडीवर पेटवून आण."

"कुठल्या कलमाखाली?"

"म्हणजे?"

"तुम्ही ओढायला मोकळे आहात, मान्य," बायको पिशवीची चेन लावत म्हणाली. तिचा आवाज जरासा हलत होता, पण शब्द नव्हते हलत. "पण तुम्हाला विस्तव आणून द्यायचा, असं कुठे लिहिलंय? दाखवा."

करारनामा मागवण्यात आला. सासऱ्यांनी तो ओठांत सिगरेट तशीच ठेवून पहिल्या कलमापासून अकराव्यापर्यंत वाचला. मग अकराव्यापासून पहिल्यापर्यंत. मग चष्मा काढला.

"हे राहिलंच," ते म्हणाले. रागाने नव्हे, आपल्याच अंगावर उलटलेल्या चांगल्या मसुद्याकडे जाणकार ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने. "माझीच मुलगी. ठीक आहे. माझा विस्तव मी आणीन."

आणि त्यांनी वॉकर ओढला.

खुर्चीपासून शेगडी अठरा पावलांवर. कोणी अडवलं नाही. अडवण्याचंही कलम नव्हतं. भोंगेकाका मात्र उठून त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि कोपराखाली हात दिला.

"अडवताय?"

"नाही. पडाल म्हणून."

पहिलं पाऊल. दुसरं. सिगरेट ओठांत थरथरत होती.

"तर जावईबापू," सासरे दात खाऊन म्हणाले, "आता तुमचं वीसवर सुरू की दहावर?"

"शून्यावर."

"म्हणजे?"

"त्यानंतर ओढलेली नाही. साडेसहा तास झाले. ओढणारही नाही."

तिसरं पाऊल. एक शिवी. चौथं.

"अहो, पण करार तर संपला. आता मी तुमच्यावर बांधलेला नाही, तुम्ही माझ्यावर नाही. मग कोणासाठी?"

"ते विचारू नका. मलाच नीट माहीत नाही."

"मग अडतीस दिवसांचं काय? ते गेले की."

"एक दिवस गेला. अडतीस तिथेच आहेत. ते ओढलेले नव्हते, ते आता ओढलेले कसे होतील?"

सासरे थांबले. विचार करायला नव्हे. पाचव्या पावलाला खुब्यात कळ आली आणि ते वॉकरवर वाकले. कपाळावर घाम आला. बायको धावली, मेहुणी धावली, स्टूल आलं. तिघांनी मिळून त्यांना बसवलं. शेगडी अजून तेरा पावलं दूर होती आणि खुर्ची पाच पावलं मागे. ना इकडे ना तिकडे, असे ते न पेटलेली सिगरेट ओठांत धरून बसले. बायको खाली बसून त्यांचा पाय हळूहळू सरळ करत होती. कमरेचा पट्टा आवळल्याचा आवाज येत होता. त्या आवाजाकडे सासऱ्यांनी दोनदा पाहिलं.

"मजा बघा," शेवटी ते म्हणाले. "सिगरेट ओढायची तर शेगडीपर्यंत जायला खुबा पाहिजे. खुबा पाहिजे तर ऑपरेशन पाहिजे. ऑपरेशन पाहिजे तर सिगरेट नको. छत्तीस वर्षांत असला पक्का दस्त माझ्या हातून गेला नाही."

"चार दिवस आहेत, बाबा," भोंगेकाका म्हणाले. "तुम्ही ओढलीत तरी मी नाही ओढणार. नाही ओढलीत तरी नाही. पण तुम्ही नाही ओढलीत तर हिची कंबर वाचेल."

"म्हणजे नवा करार?"

"नको. माझं मी एकट्याने करतोय."

"पक्ष एकच असला तर त्याला करार म्हणत नाहीत," सासरे नकळत म्हणाले.

"मग काय म्हणतात?"

"प्रतिज्ञापत्र."

हा शब्द उच्चारल्यावर त्यांचा कणा आपोआप सरळ झाला. त्यांनी ओठांतली सिगरेट काढली, क्षणभर निरखली आणि मोठ्या मुलीच्या हातात ठेवली. तिने ती मोडली, नळाखाली धरली आणि केरात टाकली. या तिन्ही गोष्टी तिने पाठ न फिरवता, त्यांच्या डोळ्यांसमोर केल्या. मग मेहुणीने पेन आणलं. स्टुलावर बसून, करारनाम्याच्याच पाठीवर, सासऱ्यांनी स्वहस्ते लिहिलं आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं :

"मी, खाली सही करणार, माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, आणि विशेषतः कोणाही जावयाच्या वर्तनावर अवलंबून न राहता, असं जाहीर करतो, की माझा संयम हा माझा आहे. दुसऱ्याचा तोल गेला म्हणून तो जाणार नाही आणि माझा स्वतःचा गेला तरी मी तो त्याच दिवशी उचलून जागेवर ठेवीन."

मेहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तक्रार विभागात असं काही ऐकायला मिळत नाही. बायकोने पदराने नाक पुसलं. 'जावयाच्या' जागी 'सासऱ्याच्या' घालून सासऱ्यांनी दुसऱ्या पानाच्या पाठीवर भोंगेकाकांचंही लिहून दिलं. भोंगेकाकांनी आपल्या प्रतिज्ञापत्रावर सही केली, सासऱ्यांनी स्वतःच्या, आणि वेळ टाकली : सहा वाजून छप्पन्न मिनिटं. खोलीत अशी शांतता पसरली, जशी एखाद्या मोठ्या तहानंतरच पसरत असेल.

"जावईबापू," सासऱ्यांनी त्या शांततेत हाक मारली.

"हं, बोला बाबा."

सासऱ्यांनी आधी मोठीकडे पाहिलं, मग धाकटीकडे, आणि आवाज अगदी खाली आणला.

"तो अंगातला शर्ट लगेच धुवायला टाकू नका. पाच मिनिटं जरा इकडे द्या."